ईटीपीवरची बाई आणि इतिहासाचं एम.ए. : बडोद्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण लिहून काढा असं तिनेच मला सांगितलं आणि नाव घालू नका हेही तिनेच. म्हणून इथे ती नुसती 'ती'. तिचं माहेर दांडिया बाजारात, आमच्या वाड्याच्या मागच्या गल्लीत. लहानपणापासून मला काका म्हणते. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. सल्ला मागायला कुणी आलं की आधी बरं वाटतं आणि मग धास्ती वाटते.

2021 च्या जूनमध्ये ती आली तेव्हा 44 वर्षांची होती. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचा विभाग, म्हणजे तिच्या बोलीत ईटीपी, तिच्याकडे. सकाळी पावणेसातला कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला घर. नवरा बँकेत, मुलगा नुकताच दहावीत गेलेला, राहायला समा भागात तळमजल्यावर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिच्या खात्यातले दोन सहकारी गेले होते. त्याबद्दल ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "काका, मला काहीतरी शिकायचंय. कामाचं नको."

काय शिकायचंय, ते तिला सांगता येईना. इतिहास म्हणाली, मग तत्त्वज्ञान, मग साहित्य. "थोडं थोडं सगळंच," म्हणाली आणि स्वतःच हसली. परदेशातल्या 'लिबरल स्टडीज'च्या एम.ए.बद्दल तिने कुठेतरी वाचलं होतं आणि तसं काही इथे मिळेल का, असं तिला विचारायचं होतं.

मिळत नाही, असं मी सांगितलं. आजही थोड्याफार फरकाने तेच सांगेन. अमेरिकेत नोकरदारांसाठी अशी पदवी पहिल्यांदा निघाली ती 1953 साली, कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात. पुढे 1962 मध्ये जॉन्स हॉपकिन्सने आणि 1967 मध्ये सेंट जॉन्स कॉलेजने तसे अभ्यासक्रम काढले. दिवसभर काम करणाऱ्या माणसाने संध्याकाळी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत यावं, वेगवेगळ्या शाखांतलं वाचावं आणि एका टेबलाभोवती बसून त्यावर बोलावं, अशी ती कल्पना. पदवीने पगार वाढेल असं सहसा कुणी कबूल करत नाही. आपल्याकडे 2011 मध्ये दिल्लीत लिबरल स्टडीजची एक वर्षाची फेलोशिप सुरू झाली, पुढे ती सोनीपतला गेली, पण ती निवासी आहे, तरुणांसाठी आहे आणि तिच्यासाठी नोकरी सोडावी लागते. बडोद्याचं विद्यापीठ घरापासून वीस मिनिटांवर, पण तिथलं एम.ए. दिवसा भरतं. राहिलं इग्नू, म्हणजे घरबसल्या शिकवणारं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ.

इथे थोडं विषयांतर करतो. 'लिबरल'ला मराठीत चांगला शब्द नाही. 'उदारमतवादी' म्हटलं की राजकारण डोकावतं आणि 'मुक्त' म्हटलं की लोकांना पत्राने शिकवणारं विद्यापीठ आठवतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्वतंत्र माणसाला शोभणारं शिक्षण, म्हणजे जो गुलाम नाही, ज्याला पोटासाठी राबावं लागत नाही, त्याचं. पावणेसातची बस पकडणाऱ्या बाईने हे शिक्षण मागणं हा त्या शब्दाच्या जन्मदात्यांना अधिक्षेपच वाटला असता. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात याच शिक्षणाचं मूळ बाणभट्टाच्या 'कादंबरी'तल्या 64 कलांत शोधलेलं आहे. योगायोग असा की इग्नूचं इतिहासाचं एम.ए. तेव्हा 64 क्रेडिटचंच होतं.

## माझा पहिला सल्ला आणि तो कसा चुकला

इतिहास निवडायचं कारण सरळ होतं. पदवी कोणत्याही शाखेची चालत होती आणि निदान एका विषयाबद्दल विचारायला मी गल्लीतच होतो. इग्नू एका क्रेडिटला 30 तासांचा अभ्यास धरतं. 64 क्रेडिट म्हणजे 1920 तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला साडेअठरा तास, आणि कमाल मुदत असलेली चार वर्षं घेतली तर सव्वानऊ. हा हिशोब तिनेच माझ्यासमोर कागदावर मांडला. मी म्हटलं, दोन वर्षांचंच धर, लांबलं की सुटतं. हा माझा पहिला चुकीचा सल्ला.

दुसरा जास्त महागात पडला. मी म्हटलं, कारखाना फाटकाबाहेर ठेव. अभ्यासाला बसशील तेव्हा ईटीपी, सीओडी (सांडपाण्यातली घाण मोजायचं तिचं माप), मॅनेजर, काही डोक्यात नको. मला वाटलं, तिला हवा आहे तो विसावा. तिलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या वर्षाचे चार पेपर होते: प्राचीन आणि मध्ययुगीन समाज, आधुनिक जग, भारतातल्या राजकीय संरचना आणि भारतीय अर्थव्यवस्थेचा इतिहास. ती रात्री दहाला बसायची आणि साडेअकराला पुस्तकावर मान टाकायची. मेसोपोटेमियातल्या नगरांबद्दल वाचताना छान वाटतं, पण सकाळी काहीच आठवत नाही, अशी तक्रार तिने दोन-तीनदा केली. मी वयाकडे बोट दाखवलं. तेही चूकच.

2022 च्या पहिल्या परीक्षेला ती दोन पेपरांना बसली. एक निघाला. 'आधुनिक जग'मध्ये 38 गुण मिळाले, हवे होते 40. आयुष्यात कधी नापास न झालेल्या बाईला दोन गुणांनी अडवणं फार जिव्हारी लागतं. त्याच सुमारास असाइनमेंटही तपासून आल्या. एकूण गुणांत त्यांचा वाटा 30 टक्के असतो आणि त्या हाताने लिहाव्या लागतात. तपासणाऱ्याने समासात लाल शाईने लिहिलं होतं: मुद्दे आहेत, युक्तिवाद नाही.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचले. लिहिलेलं सगळं बरोबर होतं. औद्योगिक क्रांतीची सात कारणं, सहा परिणाम, प्रत्येकापुढे ठिपका. कारखान्याचा मासिक अहवालच जणू. एका कारणाचा दुसऱ्याशी संबंध काय, कुठलं वजनदार, कुठलं नुसतं सोबत आलेलं, त्याचा कुठेही पत्ता नव्हता.

मी कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, "मला मराठीत सांग. वाफेचं इंजिन आधी इंग्लंडातच का?"

ती दहा मिनिटं बोलली. कोळसा जमिनीजवळ होता, खाणीत पाणी भरायचं, ते उपसायला पंप हवा होता, मजूर महाग आणि कोळसा स्वस्त. मधेच थांबून म्हणाली, "म्हणजे आधी पाणी काढायचा प्रश्न होता, इंजिन नंतर." हे वाक्य तिच्या उत्तरात कुठेच नव्हतं. पाणी काढण्याच्या प्रश्नातच तिची वीस वर्षं गेली होती आणि मी तिला तेच फाटकाबाहेर ठेवायला सांगितलं होतं.

भाषेचा भाग इथे सांगायला हवा, कारण बडोद्याच्या मराठी माणसाला तो रोज नडतो. ती घरी मराठी बोलते, प्लांटवर गुजराती, ई-मेल इंग्रजीत लिहिते, आणि परीक्षेला माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. विचार एका भाषेत, मजकूर दुसऱ्या भाषेत, आणि मधल्या वाटेत 'पण', 'तरीसुद्धा', 'त्यापेक्षा' हे जोडशब्द गळून पडतात. उरतात ठिपके. त्या दिवसापासून नियम केला: प्रत्येक उत्तर आधी मराठीत तोंडी, माझ्यासमोर किंवा फोनमध्ये रेकॉर्ड करून. लिहायचं त्यानंतर.

## कॅलिब्रेशन

दुसऱ्या वर्षाच्या पेपरांत इतिहासलेखन होतं. विद्यार्थी याला कंटाळतात. इतिहास सोडून इतिहास कसा लिहिला जातो यावरच चर्चा, असं त्यांना वाटतं. मी तिला साधनचिकित्सा समजावत होतो: दस्तऐवज कोणी लिहिला, कधी, कोणासाठी आणि काय वगळलं. वहीत चार रकाने आखून दिले. तिने ते पाहिले आणि म्हणाली, "हे कॅलिब्रेशन आहे काका."

मग तिनेच मला शिकवलं. पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा पीएच मीटर 7.2 दाखवतोय म्हणून पाण्याचा पीएच 7.2 असतोच असं नाही. शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर ताडून जुळवून घेणं, कधी झालं, कोणत्या बफरने, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाने, पाण्यात बुडवायचा प्रोब किती जुना, नमुना टाकीच्या तोंडाशी घेतला की तळाशी, हे ठाऊक असेल तरच आकड्याला अर्थ. नवा ऑपरेटर आकडा वाचतो. जुना ऑपरेटर आधी मीटरकडे संशयाने बघतो. इतकी वर्षं मी वर्गात साधनचिकित्सा शिकवली, पण ही उपमा मला कधी सुचली नव्हती. सुचणार कशी, मी पीएच मीटर पाहिलाय कुठे?

इथून अभ्यासाचा ओघ उलटा फिरला. तोवर ती पुस्तकातलं डोक्यात भरत होती. आता प्लांटवरून प्रश्न घेऊन येऊ लागली. एके शनिवारी तिने विचारलं: सर्वसाधारण मानकांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या मापाची, मर्यादा 30 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि समुद्रकिनारी सोडायच्या पाण्याला 100. असं का? तांत्रिक उत्तर तिला पाठ होतं, समुद्र मोठा, पाणी विरळ होतं. "पण समुद्राला चालेल, हे कोणी ठरवलं? कोणाला विचारून?" बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी सुमारे 56 किलोमीटर लांबीच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाकडे, खंभातच्या आखाताकडे जातं. हा कालवा 1983 पासूनचा. खतांचा कारखाना आणि कोयलीची रिफायनरी आली 1960 च्या दशकात. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा. एवढी तीन वर्षं एकाखाली एक लिहिली आणि ती बराच वेळ बघत बसली. पर्यावरणाचा इतिहास हा पेपर तिने त्या आठवड्यात निवडला.

## रविवारचं टेबल

दूरशिक्षणाची खरी उणीव मला तेव्हा कळली. पुस्तकं बरी असतात, पण एकटेपणा वाईट. परदेशातल्या त्या अभ्यासक्रमांचं मर्म टेबलात आहे. दुसऱ्याने तेच पान वाचून वेगळं म्हटलं की आपलं म्हणणं आपल्याला दिसू लागतं. म्हणून टेबल आम्हीच मांडलं. महिन्यातून दोन रविवार, माझ्या गच्चीवर, सकाळी आठ ते दहा. ती, मी, महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि शाळेत गुजराती शिकवणाऱ्या एक बेन. पुढे सेव-उसळ, बडोद्याची असल्यामुळे तिखट. एक प्रकरण वाचून यायचं, न वाचता आलात तर ऐकायचं, बोलायचं नाही.

पाणीपुरवठ्यातल्या गृहस्थांनी आजवा, म्हणजे शहराला पाणी देणारा तलाव, उघडून दाखवला, असंच म्हणायला हवं. सयाजीरावांच्या काळात, 1892 पासून, लाखभर वस्तीच्या शहराला आजव्याचं पाणी मिळू लागलं आणि तेही उताराने, पंपाशिवाय. ती म्हणाली, त्या काळी पंप लावणं परवडलं नसतं म्हणून. बेन म्हणाल्या, उतार मिळाला म्हणून. गृहस्थ म्हणाले, आधी जमिनीच्या पातळ्या मोजणारा माणूस मिळाला म्हणून. तासभर भांडण चाललं. दहा वाजून गेले, कुणाला कळलं नाही.

सेंट्रल लायब्ररीतही ती शनिवारी जाऊ लागली. 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केल्यावर सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला आणि गावोगाव ग्रंथालयं उभी केली. पेट्यांतून फिरणारी ग्रंथालयंही होती. शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या माणसाच्या हातात पुस्तक राहावं, हा त्यामागचा हेतू. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन असलेल्या त्या इमारतीत चाळिशीतली इंजिनिअर बाई येऊन बसते, यात मला नवल वाटलं नाही. ती इमारत अशांसाठीच बांधलेली आहे. नवल याचं वाटलं की तिच्याशिवाय तिथे बसलेले बहुतेक जण स्पर्धा परीक्षेचे होते.

## घरातल्या दोन परीक्षा

आता घराबद्दल, थोडक्यात, कारण तिने फार लिहू नका म्हटलंय. नवऱ्याचा विरोध कधीच नव्हता. मदत मात्र उशिरा आली. 2023 च्या डिसेंबरची परीक्षा आणि मुलाची बारावी एकाच हंगामात आली. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "दोघांपैकी कोणाला पहाटे उठवू ते सांग." तिने ती परीक्षा सोडली. मला न विचारता सोडली आणि बरं केलं, कारण मी 'दे' म्हटलं असतं. दोन वर्षांचा माझा हिशोब त्याआधीच कोलमडला होता. चार वर्षांची मुदत होती म्हणून ती टिकली. मुलाच्या निकालानंतर रात्रीची भांडी नवऱ्याकडे आणि रविवारचा नाश्ता बाहेरून, अशी वाटणी झाली. ती आधीच व्हायला हरकत नव्हती.

ऑगस्ट 2024. दरवर्षी या दिवसांत बडोद्यात माणूस भेटला की तब्येत विचारत नाही, आजव्याची पातळी विचारतो. त्या वर्षी पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहरात 35 फुटांच्या वर चढली. समा, अकोटा, वडसर, घरोघर पाणी. रस्त्यावर मगरी आल्याच्या चित्रफिती सगळ्या देशाने पाहिल्या, आम्हाला त्यांचं अप्रूप नव्हतं. तिच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी आलं. इग्नूची पुस्तकं सर्वांत खालच्या फळीवर होती. नागरीकरणाच्या पेपरची लिहून झालेली असाइनमेंट लगदा झाली.

चार दिवसांनी फोन लागला तेव्हा मला वाटलं, आता सोडून देईल. ती म्हणाली, "काका, भिंतीवर पाण्याची रेघ उमटलीय. मी मोजून ठेवलीय." मग सोसायटीतल्या प्रत्येक घरात जाऊन तिने ती उंची मोजली आणि म्हाताऱ्यांना विचारलं की आधीचे पूर कुठवर आले होते. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला होता, त्या वेळची रेघ काही घरांत रंगाखाली अजून दिसत होती. पाणीपुरवठ्यातल्या गृहस्थांनी सांगितलं, इथे पूर्वी कोतर, म्हणजे पाण्याने कोरलेली घळ होती, भर घालून प्लॉट पाडले. हे साधन म्हणून कसं तपासायचं, यावर पुढचा अख्खा रविवार गेला. गृहस्थांची आठवण पक्की, पण वर्ष दर वेळी निराळं. चार रकान्यांपैकी 'कधी' हा रकाना तिने पेन्सिलीने भरला. असाइनमेंट पुन्हा लिहिली तेव्हा अभ्यासक्रमातलं सगळं आलंच, आणि भिंतीवरच्या रेघाही आल्या. तपासणाऱ्याला त्या आवडल्या की नाही ते कळलं नाही. गुण 71, त्या आधी कधीही न मिळालेले.

## कामावर काय झालं

बढतीची कुणी वाट पाहत असेल तर ती झाली नाही. उलट एक खटका उडाला. आढाव्याच्या बैठकीत तिने विचारलं, आपला अंतर्गत अलार्म ज्या आकड्याला लावलेला आहे तो कोणी आणि कशावरून ठरवला. कोणालाच सांगता येईना. फाइल काढली तर तो आकडा एका जुन्या यंत्राच्या मर्यादेवरून घेतलेला निघाला. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं. आकडा बदलला, काम वाढलं, वरिष्ठ नाराज झाले. ती मला म्हणाली, "पूर्वी मी आकडा पाळला की माझं काम संपायचं." यात तिला समाधान होतं की त्रास, मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत सांगतात तसं काही झालेलं नाही. ती शांत झालेली नाही. पूर्वीपेक्षा जास्त वाद घालते, वर्तमानपत्र जास्त वेळ वाचते आणि रविवारी नवऱ्याला ताटकळत ठेवते. माझ्या दृष्टीने कमाई एकच, तिला आता नेमका प्रश्न विचारता येतो. खर्चाच्या बाजूला चार वर्षांची झोप, एक बुडालेली परीक्षा आणि मुलाच्या बारावीत आपण कमी पडलो का, ही तिच्या मनातली टोचणी. मुलगा नाही म्हणतो. तिचा त्यावर विश्वास नाही, साधनचिकित्सा.

मुदतीच्या शेवटच्या परीक्षेत, 2025 मध्ये, उरलेले दोन पेपर निघाले. सेकंड क्लास. 'आधुनिक जग' त्याआधीच दुसऱ्या प्रयत्नात 52 वर सुटला होता.

निकालानंतर ती आली, पेढ्यांऐवजी लीलो चिवडा आणि एक कागद घेऊन. कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म होता. 'या वर्षी घेतलेलं प्रशिक्षण' या रकान्यात तिने लिहिलं होतं: एम.ए., इतिहास. कोणीतरी त्यावर आडवी रेघ मारून शेरा दिला होता, 'कामाशी संबंध नाही'.

मी काही बोलायच्या आत तिने तिची ती चार रकान्यांची वही उघडली. फॉर्मची प्रत एका पानावर चिकटवलेली होती. कोणी : मनुष्यबळ विभाग. कधी : एप्रिल. कोणासाठी : वरच्या साहेबांसाठी. चौथ्या रकान्यात, काय वगळलं, तिथे तिने अजून काही लिहिलेलं नव्हतं.

"हा तुम्ही भरा," ती म्हणाली आणि चिवड्याची पिशवी उघडायला घेतली.